बीफ स्ट्यू आणि किचनची खिडकी

किआ ओरा (म्हणजे इकडचा नमस्कार) मंडळी,

ऑफिसमधली माझी मेक्सिकन मैत्रीण मारिसोल आज इकडे परदेशात, पापाकुराला आमच्या घरी बीफ स्ट्यू शिकवायला आली होती. नागपूरहून आलेली माझी आई मैद्याच्या टॉर्टिया लाटायला बसली.

स्ट्यूचा वास सुटला तशी आई उठली आणि तिने किचनची खिडकी लावून घेतली. लहानपणी आमच्याकडे बीफ असंच शिजायचं, शेजारी वास जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून.

मारिसोलने विचारलं, “आईला थंडी वाजतेय का?”

मी खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, “पण वास गेलाच नाही तर जेवायला कोण येणार?”

मी ते आईला मराठीत सांगितलं. आईने तव्यावरची टॉर्टिया उलटली आणि पिठाच्या हातानेच खिडकी उघडली.

थोड्या वेळाने शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, “आज काय शिजतंय?”

आई मला म्हणाली, “सांग त्यांना, बीफ आहे. आणि जेवायला या म्हणावं.”

मारिसोल, थँक यू गं.

तुमच्या घरी काय शिजताना खिडकी लावायचे?