होईल सर!

कामं साठली की किस्सेही साठतात, फक्त किस्से लवकर हातावेगळे होतात! इकडे दक्षिणेत, इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात, डिझाइन डिपार्टमेंटला, आम्ही मराठी माणसं चारच. देशपांडे, कविता, निलेश आणि मी. शनिवारी कुणाच्या तरी खोलीवर पोहे झाले की आमच्या राव सरांचा विषय निघतोच. सर आता रिटायर झालेत. ते वाईट असते तर बरं झालं असतं, निदान बोटं मोडता आली असती. पण ते रोज सकाळी प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून विचारायचे, "लोड ओके?" आणि आम्ही रोज म्हणायचो, "होईल सर!"

*

आम्ही नवे होतो तेव्हाची गोष्ट. मीटिंगमध्ये सर इंग्लिशमधून कामं वाटत होते आणि आम्ही मागे बसून मराठीतून करवादत होतो. देशपांडे तर चांगलंच मोठ्यानं म्हणाले, "या माणसाला काय, वाटायचं आणि मोकळं व्हायचं!"

सरांनी शेवटची स्लाइड संपवली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "आमच्या घरांत मराठीच. तंजावूरचे आम्ही. मला सांगायाचं ते मलाच सांगत जा की पा!"

किती सरळ सांगितलं होतं! आणि आम्ही काय केलं? कुरकुर करायला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जायला लागलो.

*

कवितानं एकदा हिय्या केला. "सर, माझ्याकडे तीन प्रोजेक्ट आहेत, चौथं जमणार नाही," हे वाक्य आरशासमोर घोकून ती केबिनमध्ये गेली. सरांनी फिल्टर कॉफी मागवली. आई कशी आहे, गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चौथ्या प्रोजेक्टची फाइल होती.

"अगं, झालं काय?"

"कॉफी फार छान होती गं!"

*

देशपांड्यांची थिअरी वेगळी. मॅनेजरला सांगायचं नसतं, त्याला आपोआप कळायला हवं! म्हणून सर जवळून गेले की ते मोठा उसासा टाकायचे. बरेच दिवस हा कार्यक्रम चालला. शेवटी सरांनी त्यांना बोलावलं. काळजीनं सरांचा चेहरा उतरला होता.

"कंपनीच्या डॉक्टरला सांगून ठेवलंय. छाती दाखवून घ्या. तुमचं काम राहू दे, निलेश बघेल."

निलेशला विचारलं तर तो काय म्हणणार? "होईल सर!"

*

आता निलेश. बायको बाळंतपणाला माहेरी, मिरजेला गेलेली. मुलगी झाली. पहिली बर्फी त्यानं आम्हाला पार्किंगमध्ये वाटली, सरांपासून लपवून! "नवीन पार्ट लाँच होऊ दे, मग सांगतो. नाहीतर सरांना वाटेल, याचं लक्ष उडालं." बारशाला जायचं म्हणून त्याचा जीव नुसता वरखाली होत होता. आम्ही तिघांनी त्याला किती समजावलं. पण आमच्यातल्या एकानंही सरांच्या केबिनचं दार ढकललं नाही. त्याची हळहळ आजही वाटते.

बारशाच्या दिवशी लाँचची शेवटची ड्रॉइंग्ज जायची होती. निलेशनं मोबाइल मॉनिटरला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पाळणा सजलेला, बायका गात होत्या. इकडे हा एका हातानं माउस फिरवत होता.

नेमके सर मागे येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता ओरडतील. ते चष्मा सारखा करून हसतच वाकले.

"बारसं? आमच्याकडेही असंच असतं! कुणाचं रे बाळ?"

निलेश माउस फिरवतच म्हणाला, "ओळखीचे आहेत, सर."

सर बराच वेळ कौतुकानं बघत राहिले. मग म्हणाले, "बाप कुठं दिसत नाही?"

"त्याला रजा नाही मिळाली, सर."

सरांना खरंच वाईट वाटलं. "अय्यो! कसला मॅनेजर असेल रे त्याचा!"

तेवढ्यात मोबाइलमधून निलेशच्या आईचा आवाज आला, "निलेश, तुझ्या लेकीचं नाव ऐकू आलं का रे?"