कोलशेतच्या जावयाचे वकील

आप्पांना "जेवलात का?" विचारलं, तरी ते आधी विचारायचे, "कुणाच्या घरी?" ठाण्याच्या कोर्टात बेलीफ होते ना! समन्स घेऊन जन्मभर गावोगाव फिरलेले, त्यामुळे हद्दीचं वेड डोक्यात पक्कं बसलेलं. कळव्याला आमच्या शेजारी राहायचे, पण मला सख्ख्या काकांसारखे. पानाची चंची सोडत म्हणायचे, "पोरी, हुकूम कितीही मोठा असू दे, आधी हद्द बघ." आता ते नाहीत, पण माझा संसार उभा आहे तो त्यांच्या त्या वेडामुळे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला सहाच महिने. चैत्रात आमच्या देवीची पालखी निघते. त्या दिवशी आमच्या गावचं कुणी मिठागरात पाऊल टाकत नाही. मी पालखीला माहेरी आलेले आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या यांनी कोलशेतला, स्वतःच्या मिठागरात, मीठ काढलं! बातमी खाडी ओलांडून आली आणि बाबा भडकले. ते गावचे पंच. निवाडा झाला: जावयाने इथे येऊन सगळ्यांसमोर देवीची माफी मागायची, तोवर मुलगी माहेरीच. यांचा उलटा निरोप, "माझ्या गावात मी काही चुकलो नाही." झालं! दोघेही हट्टी आणि मधल्यामधे मी. तीन आठवडे रोज धक्क्यावर जाऊन कोलशेतकडच्या होड्या बघायचे आणि रडायचे.

कुठल्याशा देशाने दुसऱ्या देशात राहणाऱ्या परक्या माणसावर आपल्या कायद्याने खटला भरल्याचं आप्पांनी पेपरात वाचलेलं. तो पेपर घेऊनच ते देवळातल्या गावच्या बैठकीत शिरले. "हे मोठे देश करतात, तेच तुम्ही चालवलंय," म्हणाले.

"जावय आपला हाय ना? मंग देवीचा कायदा त्याला नाय?" बाबा गरजले.

"बरं. मग कोलशेतचा कायदा तुम्हाला? त्यांच्या देवीचा वार मंगळवार, तिथे त्या दिवशी कुणी मासळी शिजवत नाही. परवा मंगळवारी तुमच्याकडे काय होतं?"

खाडीतल्या निवट्यांचं कालवण मीच रांधलेलं!

"चला, सगळं गाव कोलशेतला माफी मागायला," आप्पा म्हणाले. "मीही येतो. मी तर दोनदा वाढून घेतलं." बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"हसू नका," बाबा म्हणाले. "उद्या परमुलखात बसून कोन आपल्या मानसाचा घात करील, तरी गपच बसायचं?"

आप्पांनी पेपर मिटला. प्रश्न खराच होता. "नाही. घात इथे पोचला, तर जाब विचारायलाच हवा. पण त्याच्या मिठाने इथे कुणाचं काय बिघडलं? बिघडलंय ते या पोरीचं, तेही तुमच्या हुकमाने."

मला हुंदका आवरेना. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि उठले. "गाठोडं बांध," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः होडीत बसले, मला आणि आप्पांना, त्यांना तर बळेच, बरोबर घेऊन. कोलशेतच्या बांधावर हे आणि माझे सासरे उभे. हात जोडावेत की पाया पडावं, यांना कळेना. बाबा सरळ मिठाच्या राशीकडे गेले. चिमूटभर मीठ उचलून जिभेवर ठेवलं.

"ब्येस पडलंय, जावयबापू," ते म्हणाले, "दोन गोनी आमच्याकडं धाडा."

आणि मी, नवी सून, सासऱ्यांच्या देखत आप्पांच्या गळ्यात पडले.