पुडीचा रंग बंद झाला तेव्हा

माझ्या माहेरच्या माणसांना मेंढीचा वास येतो, असं माझे सासरे चारचौघांत म्हणायचे. मला संताप यायचा, आणि जास्त संताप याचा की ते खरं होतं.

माहेर रिठदचं, घर रंगाऱ्याचं. आमच्याकडे लुगडी-पागोटी लाल करायची ती आलीच्या मुळीनं. आल म्हणजे शेताच्या धुऱ्यावर वाढणारं झाड. तीन वर्षांचं झालं की त्याची मुळं खणायची, कुटायची आणि त्या पाण्यात कापड उकळायचं. पण त्याआधी कापड एरंडीच्या तेलात आणि मेंढीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात आठ दिवस मुरवावं लागे, नाहीतर रंग धरतच नसे. तो वास आमच्या केसांत होता, गोधड्यांत होता, भाकरीलाही असावा. आम्हाला तो कळत नसे. पाहुणे मात्र अंगणातूनच निरोप सांगून परत जात.

सासर मेडशीचं. तेही रंगाऱ्याचंच घर, पण सुधारलेलं. आलीचा रंग उकळायचं सासऱ्यांच्या आईला यायचं; ती गेली तेव्हाच त्यांनी आल सोडली होती आणि पुडी धरली होती. ही पुडी जर्मनीत व्हायची, बोटीनं मुंबईला यायची, रेल्वेनं अकोल्याला आणि तिथून गाडीवाटेनं मेडशीला. नखभर टाकली की नांदभर पाणी लालभडक. ना तेल, ना लेंडी, ना उखळ. सासरे पांढरंशुभ्र धोतर नेसून रंगकाम करायचे आणि एक ठिपका पडू द्यायचे नाहीत. त्यांना त्या धोतराचा फार अभिमान होता.

अशा घरात मी पंधराव्या वर्षी आले. माणसं वाईट नव्हती. खायला-प्यायला पोटभर, मारहाण नाही. फक्त मला कोणी काही विचारत नसे. वरणाला फोडणी कशाची द्यायची हेही नाही. सासूबाई सांगायच्या, मी करायची. नवरा हसतमुख, पण तोही बापाच्या तोंडाकडे बघून हो म्हणणारा. माझं मत असतं, हेच त्या घराच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि मला तर उठताबसता मतं असायची.

मग तिकडे विलायतेत मोठी लढाई जुंपली. मेडशीला त्याचं काय? सासरे अकोल्याला पुड्या आणायला गेले आणि हात हलवत परत आले. दुकानदार म्हणाला, बोट बंद आहे. सासरे म्हणाले, "पंधरा दिसात सुरू होईन." सहा महिने गेले. घरात उरलेल्या दोन पुड्या त्यांनी अशा पुरवल्या की पहिल्या महिन्यात लुगडी लाल निघाली, दुसऱ्यात गुलाबी, तिसऱ्यात कांद्याच्या सालीसारखी. गावातली मिशाळ म्हातारी माणसं गुलाबी पागोटी घालून बाजारात हिंडू लागली. मी पदर तोंडात कोंबून हसायची. सासूबाई दटावायच्या आणि मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून हसायच्या.

हसणं थांबलं ते पाटलाचं कापड आलं तेव्हा. पाटलाच्या मुलीचं लग्न माघात होतं. घरच्या कापसाचं सूत, गावच्या कोष्ट्यानं विणलेलं: नवरीचं एक लुगडं आणि मानाची सात पागोटी. सगळं लाल हवं. पाटलाचं लग्नाचं लाल तीन पिढ्या आमच्याच घरून जात होतं, त्यामुळे सासऱ्यांच्या तोंडून नाही निघालं नाही. कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

नवरा म्हणाला, "बाबा, वापस करा. आपुन कारंज्याले सरकी काढाच्या जिनात कामाले जाऊ. तिथं कापसाले कमी नाई."

"हे वापस गेलं, म्हंजे नांदा पालथ्या घालाच्या," सासरे म्हणाले. "मंग जिनातच जाचं सारे."

मी चुलीपाशी होते. कोणी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. पण माझी जीभ कधी माझ्या कह्यात नव्हती. मी म्हणाले, "मामाजी, मले येते आलीचा रंग."

खोटं बोलले. निदान अर्धं खोटं. तेल-लेंडी मला येत होतं, मुळी कुटणं येत होतं. पण शेवटची उकळणी आमच्याकडे लेकींना दाखवत नसत. लेक परक्या घरी जाणार, जाताना घरची विद्या घेऊन जाणार, म्हणून त्या दिवशी आई आम्हा बहिणींना नदीवर पिटाळायची आणि दार लावून घ्यायची. आम्ही परत येईतो दोरीवर लाल कापड वाळत असे. मधलं काय ते मला ठाऊकच नव्हतं. पाण्यात घालायचं, उकळायचं. त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं.

सासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बिघडलं तं?"

"नाई बिघडत."

आता मागे फिरायची सोय नव्हती. रंग साधला तर या घरात मी कोणीतरी होणार होते. बिघडला तर पाटलाचं लुगडं, घराचा धंदा आणि माझ्या माहेरचं नाव, तिन्ही एकाच नांदेत बुडणार होतं.

पुढचे दिवस मात्र मी आयुष्यात विसरणार नाही, इतकी मजा आली. सासरे आणि नवरा धुऱ्याधुऱ्यानं आल शोधत हिंडले. ज्या झाडांना तण म्हणून दहा वर्षं तोडलं, त्यांच्यापुढे सासरे गुडघे टेकून मुळ्या खणत होते. मी धनगराच्या वाड्यावरून टोपलीभर लेंड्या डोक्यावर घेऊन भर गावातून आले. तेल आणि लेंड्यांत कापड तुडवायला सासूबाई माझ्याबरोबर नांदेत उतरल्या. पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला पदर बांधला. तिसऱ्या दिवशी पदर सुटला. पाचव्या दिवशी शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "काय मेलं वो तुमच्या घरात?" तर सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "मेलं नाई. आमचा रंग मुरून राह्यला."

आमचा! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

तीच शेजारीण दुपारी मुळ्या कुटायला आली, तिच्यामागे गल्लीतल्या चौघीजणी. उखळाभोवती बसून त्यांनी एकमेकींच्या नवऱ्यांवर अशा ओव्या रचल्या की सासरे खाकरत बाहेर निघून गेले. त्यांच्या धोतराला आता पिवळे डाग पडले होते.

आठ दिवसांनी कापडं धुतली, तुरटीच्या पाण्यातून काढली. उकळायचा दिवस आला. सासरे शहाणे. त्यांनी पाटलाचं कापड बाजूला ठेवलं आणि त्याच्यासोबतच मुरवलेला जुन्या धोतराचा तुकडा माझ्या हातात दिला. "पयले ह्यावर दाखव."

मी मोठ्या कढईत मुळीचं पाणी चढवलं, तुकडा सोडला, ढवळत राहिले. दुपारी बाहेर काढला. तो लाल नव्हता. सडक्या वांग्यासारखा काळाजांभळा होता.

 सासऱ्यांनी तुकडा उन्हात धरला. "हे नवरीच्या अंगावर घालाचं का मयताच्या?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी न्हाणीत जाऊन रडले, मग तोंड धुऊन बाहेर आले आणि खरं ते सांगून टाकलं. उकळणी मी कधी पाहिली नाही. आईला येते. लग्नाला सहा दिवस आहेत.

सासरे बराच वेळ मिशी चावत उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, "दमणी जुंप. इहीनबाईले आन."

पहाटे गेलेली दमणी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतली. आई उतरली, पण उंबऱ्यात आली नाही. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज, आणि आई रिवाजाला पक्की. रात्री ती गल्लीतल्या दूरच्या नात्यातल्या बाईकडे निजली. सकाळी स्वतःची भाकरी, स्वतःचा तांब्या घेऊन समोरच्या निंबाखाली घोंगडी टाकून बसली. इकडे सासरे अंगणातल्या कुडाच्या आड. विहीण आणि व्याही समोरासमोर बोलणार नाहीत, म्हणून सासूबाई मधे. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी सासूबाई प्रत्येक शब्द इकडून तिकडे पोचवत होत्या.

"इहीनबाई पुसतात, कायच्यात उकळलं?"

"सांगा त्याह्यले, कढईत."

"कढईत, म्हनतात."

"लोखंडाच्या?" निंबाखालून आवाज आला.

"लोखंडाच्या," कुडामागून आला.

 मग आई हसायला लागली. डोळ्यांना पाणी येईतो हसली. "अवो, लोखंडात आल घालते कोनी? काळी पडन नाई तं काय! इतक्या वर्साचे रंगारी, पुड्यायनं अक्कल खाल्ली काय याह्यची?"

सासूबाई वळल्या आणि त्यांनी हे वाक्य अख्खं, एक शब्द न गाळता, सासऱ्यांना ऐकवलं. इतक्या आनंदानं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुडीला भांडं कसलंही चालतं. म्हणून घरातली तांब्याची रंगाची भांडी केव्हाच मोडीत गेली होती. उरला होता एकच मोठा तांब्याचा हंडा, न्हाणीतला, सासऱ्यांच्या अंघोळीच्या पाण्याचा. माघातली थंडी आणि सासऱ्यांना कढत पाण्याशिवाय चालत नसे. त्यांनी स्वतः हंडा उचलून अंगणात आणला. चार दिवस ते विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ करत होते आणि सगळ्या गल्लीला ते ऐकू जात होतं.

मी चूल पेटवली. आई निंबाखालून सांगत होती, उघड, मोठ्या आवाजात. जे सांगायचं नाही म्हणून आम्हाला नदीवर धाडायची, ते भर रस्त्यात. पळी लोखंडाची नको, बाभळीचं लाकूड घे. मुळी जाड नको, बोटाहून बारीक तेवढीच कुटून टाक. पाण्याला उकळी येऊ देऊ नको, हात लावला तर पोळेल इतकंच ठेव. मी म्हणाले, "माय, सारं गाव ऐकून राह्यलं."

"ऐकू दे," ती म्हणाली.

आधी दुसरा एक तुकडा, मग पागोटी, सगळ्यात शेवटी नवरीचं लुगडं. मी ते काठीवर उचलून कुडावर धरायची. आई लांबून बघायची.

"अजून."

पुन्हा हंड्यात.

"अजून."

तिसऱ्यांदा धरलं तेव्हा उन्हात माझ्या हातांवरून लाल पाणी ओघळत होतं. आई नुसती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "काढ."

तो रंग पुडीसारखा भडक नव्हता. पिकल्या तोंडल्यासारखा खोल होता. मी हसले की रडले ते आठवत नाही, बहुतेक दोन्ही. सासऱ्यांनी ओलं लुगडं चोळलं, पिळलं, पांढऱ्या फडक्यावर दाबलं. फडक्याला काही लागलं नाही. ते शेजारणीकडे गेले, हातात भरला तांब्या घेऊन आले आणि रिवाज मोडून थेट निंबापर्यंत चालत गेले. तांब्या खाली ठेवून, मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "इहीनबाई, हे आमच्या घरचं नाई. पाटलाच्या विहिरीचं हाये, तांब्याबी शेजारचा. घ्या."

आई ते पाणी सगळं प्यायली.

लग्नात नवरी ते लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहिली आणि सात पागोटी मांडवभर मिरवली. त्यानंतर लढाई संपेपर्यंत आमच्याकडे आलच चालली. आजूबाजूच्या गावांतून कापड यायचं. उकळणी माझी, पण कोणाचं घ्यायचं, कधी द्यायचं, हे सासरेच ठरवायचे. तरी आता मला फोडणी माझ्या मनानं देता येत होती. मला मुलगा झाला. त्याला पाठीशी बांधून मी मुळ्या कुटायची. तळहातांना घट्टे पडले, खांदे रात्रभर ठणकायचे. हे मी कोणाला बोलले नाही. आलीनं मला त्या घरात उभं केलं होतं, तिच्याबद्दल तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

मग बोटी सुरू झाल्या. एक दिवस फिरता विक्रेता ओसरीवर आला आणि त्यानं पुड्या मांडल्या. तीच चित्रं, तोच चकचकीत कागद. घरातले सगळे गोळा झाले. सासऱ्यांनी एक पुडी उचलली, खालीवर केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. घ्याची का?"

मला वाटलं ते सासूबाईंना विचारत आहेत. पण त्या माझ्याकडेच बघत होत्या, नवराही, तो विक्रेताही. मला माझ्या आईचा सगळा मान त्या एका उत्तरात दिसत होता. आणि तरी मी इतक्या घाईनं "घ्या!" म्हणाले की सगळे खो-खो हसले. मीही हसले.

संक्रांतीला माहेरी गेले ती चोरासारखी. आई अंगणात मुळ्याच निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की पुड्या पुन्हा आल्या, मामाजींनी मला विचारलं, आणि मी घ्या म्हणाले. आल गेली, ती माझ्या शब्दानं गेली.

आईचे हात थांबले.

"तुले विचारलं?" ती म्हणाली.

"व्हय."

"सासऱ्यानं? सगळ्यायच्या समोर?"

"व्हय माय. पन आल…"

"आलीचं जाऊ दे वो." तिनं मुळ्यांची टोपली बाजूला सारली आणि माझे दोन्ही हात धरले. तिचं तोंड असं फुललं होतं की मला ओळखू येईना. "मले नाई कोनी आजलोक काई विचारलं. कसं म्हने तो? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळी मावशी आली तेव्हा तिसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि त्या वेळी आईनं सासऱ्यांचा आवाज काढून "तू सांग" हे स्वतःच म्हणून दाखवलं.