पट्ट्याला घातलेलं तेल

देवावर तुमचा विश्वास आहे का, असं त्या चार महिन्यांत मला कोणी विचारलं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. सव्वीस वर्षांचं पोरगं, आमचा बाळू, तीन दिवसांच्या तापानं गेला. स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेला आणि चौथ्या दिवशी गावी, साखऱ्याला परत आणला तो झाकून. एकुलता एक होता.

त्याच्या आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेव्हा नाही, तेराव्याला नाही, नंतरही नाही. बोलणंच बंद झालं तिचं. भाकरी थापायची, गुरांना पाणी दाखवायची, काही विचारलं तर मान हलवायची. शेजारच्या बाया मला सांगायच्या, "दाजी, तिला रडवा, न्हाईतर काळीज फुटंल तिचं." आणि मी दिवसातून दहादा तिला उलटंच ऐकवायचो : देवाचं होतं, देवानं नेलं, मन घट्ट कर. मी स्वतः मोठा घट्ट गडी ना! शेवटी माझ्या थोरल्या बहिणीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तिला औंढ्याला ने. नागनाथाच्या पुढं बसव. तुझ्यानं व्हत न्हाई ते त्याच्यावर सोड." मला ते पटलं नव्हतं. पण बायको दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि आता हीसुद्धा जाणार, असं मला वाटायला लागलं होतं.

जायचं ते बाळूच्याच जीपमधून. ही जीप त्यानं हौसेनं घेतलेली, त्याच्या वयाइतकी जुनी. मी तिला भंगार म्हणायचो आणि त्यावरून बापलेकांची जुंपायची. चार महिने ती लिंबाखाली उभी होती. चालू केली तर असली किंचाळली की कोंबड्या पळाल्या. इंजिनापुढं एक रबरी पट्टा असतो, पंखा आणि डायनामो फिरवणारा. तो ओरडत होता. आता मी बैलगाडीच्या आखाला वंगण घालत म्हातारा झालेला माणूस. कुरकुरलं की तेल, एवढंच शास्त्र मला ठाऊक. दिली पट्ट्यावर तेलाची धार सोडून. आवाज गप्प! मी मिशीवर हात फिरवला.

हिंगोलीपर्यंत बरं चाललं. पुढं औंढ्याच्या रस्त्याला लागलो आणि पट्टा पुन्हा बोंबलायला लागला, पहिल्यापेक्षा दुप्पट. तापमानाचा काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ. एका लहानशा गावात, चार दुकानं आणि एक पिठाची गिरणी, तिथं मी गाडी कडेला घेतली. मेकॅनिक विचारला तर म्हणे, मागं हिंगोली न्हाईतर पुढं औंढा. ही मागं खिडकीला डोकं टेकून बसलेली. मला संताप आला. गाडीचा नव्हे, त्याचा. मनात म्हटलं, पोरगं नेलंस, आता तुझ्या दारातसुद्धा येऊ देत न्हाईस व्हय रे?

तेवढ्यात गिरणीतून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील. केस, भुवया, पदर, सगळं पिठानं पांढरं. "भाऊ, बंद करा आधी! पट्टा तोडता का?"

इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी आम्हांला माठातलं पाणी दिलं. मग म्हणाल्या, "चालू करा. आता दिवे लावा." दिवे लावले तसा आवाज वाढला. "घसरून राहिला बघा. डायनामोवर जोर आला की पट्टा जागीच घसरतो." बंद करायला लावून त्यांनी अंगठ्यानं पट्टा दाबला, तो चांगला दोन बोटं आत गेला. मग अंगठ्याचा वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"तेल कोनी घातलं?"

"मीच."

"काहून?"

"ओरडत होता म्हणून," म्हणालो.

"ढिला झाला म्हणून ओरडत व्हता, भाऊ. तेलानं त्याचं तोंड बंद केलं तुमी, तकलीफ तशीच ऱ्हायली. उलट जास्तच घसरला." त्या हसल्या. "मीबी गिरणीच्या पट्ट्याला असंच केलतं. आमचे मालक गेले तवा पाना कसा धरतात तेबी ठावं नव्हतं मला."

पट्टा काढून त्यांनी उन्हात धरून पाहिला. आतून भेगा होत्या, रबर तेलानं फुगलं होतं. "हा औंढ्यापर्यंत जायचा न्हाई. दुसरा हाय का जवळ?"

"नाही," मी म्हणालो.

"हाय."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. चार महिन्यांनी तो आवाज ऐकत होतो मी. ही जीपमधून खाली उतरत होती. "मागच्या सीटाखाली हाय. त्यानं आणून ठिवला व्हता. मला म्हणला, आई, पट्टा आता जाईल, ताप उतरला की बदलतो. दादांना सांगू नको, पुन्हा भंगार म्हणतील."

सीटाखाली खरंच होता. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. गाठ त्याचीच. ती गाठ सोडताना ही मटकन खाली रस्त्यावरच बसली आणि रडली. काय रडली म्हणून सांगू! मी सवयीनं पुढं झालो, मन घट्ट कर म्हणायला. गिरणीवाल्या बाईंनी माझं मनगट धरलं. मी मागं सरलो.

मग त्यांनी पट्टा फिरतो त्या चाकांच्या खाचा कोरड्या फडक्यानं पुसून काढल्या, नवा पट्टा चढवला. हिला म्हणाल्या, "ताई, एवढी पहार धरा." हिनं रडत रडतच पहारीनं डायनामो ताणून धरला आणि त्यांनी बोल्ट आवळले. मी दोन बायकांच्या मागं फडकं घेऊन उभा. गाडी चालू केली, दिवे लावले. आवाज नाही.

मी हात जोडले तर म्हणाल्या, "मला कशाला? लाईट गेली म्हणून ऐकू आलं. गिरणी चालू असली तर कुनी मेलं तरी ऐकू येत न्हाई आत." एवढं बोलतायत तोवर लाईट आली, आणि त्या पळाल्या आत. निरोपही घेता आला नाही. यात चमत्कार आहे की योगायोग, मला सांगता येत नाही, आणि मी आता कोणाशी वादही घालत नाही.

औंढ्याला गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्या, वाकूनच उतरावं लागतं. ताठ माणसाला तिथं वाट नाही. काय काय मागायचं, जाब काय विचारायचा, सगळं मी घरून ठरवून आणलं होतं. पिंडीसमोर टेकलो आणि सगळं विसरलो. बाळू तापात पडला होता तेव्हाही त्याला माझ्या बोलण्याची धास्ती होती, एवढंच डोक्यात फिरत होतं.

हिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू म्हणाली, "आता तुमीबी रडा."

तोवर मला वाटत होतं, मीच तिला तिथं आणलं. मी रडलो. मागून लोक येत होते, कोणीतरी पुजाऱ्याला सांगितलं असेल, कारण आम्हांला कोणी उठवलं नाही.