मस्कतचे फोन फुकट म्हणाला होता

मंडळी, आज जोगेश्वरीला फोनच्या दुकानात भांडून आले.

माझी लेक मस्कतला असते. गेल्या महिन्यात त्या दुकानाच्या मॅनेजरने मला प्लॅन बदलून दिला. मी तीनदा विचारलं, "मस्कतला फोन फुकट ना?" "हो आजी, सगळं फ्री." मी रोज तासभर बोलले. बिल आलं साडेचार हजार!

आज म्हणतो, "फ्री फक्त भारतात. तुमचा गैरसमज झाला."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं मच्छी विकली रे मी. एकदा भाव तोंडातून निघाला की तोच घ्यायचा, मग पापलेटात तोटा का होईना. तुझी जीभ काय भाड्याची आहे?"

मग तिथेच खुर्चीवर बसले. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "हा बोलतो ते आधी लिहून घ्या हो." तिसरं गिऱ्हाईक परत फिरलं, तेव्हा मॅनेजरने जास्तीचे पैसे बिलातून काढले.

निघाले तर दारात एक म्हातारी, हातात तसंच बिल. "भरून टाकते गं, कोण भांडणार?" म्हणाली. हाताला धरून तिला आत नेलं आणि पुन्हा खुर्चीवर बसले.

तुम्ही किती वेळा असं गप्प बसून भरलंय? खरं सांगा.