सगळ्या घराण्याची थुंकी एका नळीत

चहा आधी पिऊन घ्या. हा किस्सा थुंकीचा आहे, आणि तो ऐकताना घशाखाली काही उतरत नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे. मी सांगायला लागलो की ती उठून आत जाते. आत्ताच गेली बघा.

मी दौंडला माती तपासायच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस. राहायला खुटबावला. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, मी तपासून कागद देतो. नत्र कमी, स्फुरद बरं, पालाश भरपूर. हे टाका, ते टाकू नका. बावीस वर्षं लोकांच्या जमिनीचं भविष्य सांगितलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच कळतं. मला जरा जास्तच वाटत होतं.

झालं असं, की आमच्या प्राजक्ताला शिरूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, माणसं साधी, पोरं एकमेकांना पसंत. प्राजक्ता दिवसभर फोनकडे बघून हसत बसायची. मुलाला कंपनीनं तीन महिने बाहेरगावी पाठवलं होतं, तो परत आला की चौकशी आणि बोलणी. चौकशी म्हटलं की मी विषय बदलायचो. कारण बापू.

बापू म्हणजे माझे चुलते, आबांचे धाकटे भाऊ. आमच्यातच राहतात. मी नोकरीला लागलो त्या सुमाराला बापू एकाएकी गप्प झाले. चार महिने गोठ्यात बसून होते. जेवा म्हटलं तर जेवायचे, उठा म्हटलं तर उठायचे. मग पुण्याचे डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि बापू उठले. आज ट्रॅक्टर बापू चालवतात, ग्रामपंचायतीत भांडायला बापूच जातात. गोळी मात्र रोज एक, सकाळच्या चहाबरोबर. एवढंच. पण सोयरिकीत 'एवढंच' चालतं का? म्हणून आमच्या घरात एक पद्धत पडली होती. पाहुणे यायचे असले की बापूंना वढूला समाधीच्या दर्शनाला पाठवायचं.

शिरूरचे लोक मुलगी बघायला आले तेव्हाही पाठवलं. चपला घालता घालता बापू म्हणाले, "दत्ता, तुझ्या घरी पाव्हणं आलं की मला लई पुण्य लागतंय बघ."

मी हसलो. विनोद समजून हसलो.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली. थुंकी पाठवा, डीएनए तपासून घ्या, घराण्यातून आलेले आजार ओळखा, शरीराचे आणि मनाचेसुद्धा! मी उडालोच. मातीचा असतो तसा घराण्याचा कागद! पाहुणे चौकशीला आले की टेबलावर ठेवायचा, विषय संपला. लगेच किट मागवलं. आत नळी निघाली एक.

तुम्ही म्हणाल, नळी एकाच माणसासाठी असते. पत्रकावर तसं छापलंही होतं. पण माझा बावीस वर्षांचा अनुभव आडवा आला. एकरभर शेताची माती एकाच खड्ड्यातून घेतात का? नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची घ्यायची, नीट कालवायची, त्यातली थोडी तपासायला पाठवायची. तो खरा नमुना. मग घराण्याचं काय वेगळं असणार?

नळी शर्टाच्या खिशात घालून निघालो. पहिले आबा. त्यांच्या तोंडात तंबाखू.

"आबा, अर्धा तास तोंडात काही नको. मग यात थुंका."

"अर्धा तास? मी मेल्यावर घे की मग," आबा म्हणाले. "तवा सवडच सवड हाय."

थुंकले शेवटी. मग चुलतभाऊ सोपान. तो सापडला सोसायटीच्या ओट्यावर, चारचौघांत.

"सोपान, थुंक."

"कुणावर?"

"अरे, नळीत!"

ओट्यावरची सगळी माणसं उठून उभी राहिली. एक जण म्हणाला, "आमची बी घेता का?" मी म्हणालो, "तुम्ही आमच्या घराण्यातले नाही." तो अजून माझ्याशी बोलत नाही.

तिथून मोटारसायकलवर राहू गावाला, आत्याकडे. आत्या नळीकडे बघतच राहिली. "म्हायेरचं माणूस लुगडं घिऊन येतं रं. तू थुंकी न्यायला आलास व्हय?" तिची थुंकी घेईपर्यंत दारात शेजारणींची ही गर्दी. शेवटी माझी घातली, हलवली, पाठवून दिली.

बापूंना विचारलं नाही. नमुना घेताना बांधाकडची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घ्यायची नसते, निकाल बिघडतो. मी अगदी असाच विचार केला. ज्या माणसानं मागं धावत धावत मला सायकल शिकवली, त्याला मी उकिरड्यात धरलं. आज सांगताना लाज वाटते. त्या दिवशी वाटली नाही, मला फक्त प्राजक्ताचं लग्न दिसत होतं. बापू गोठ्याच्या दारातून सगळं बघत होते.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. नमुन्यात एकापेक्षा जास्त माणसं आढळली आहेत, कृपया एकानंच थुंकावं. सोबत नवी नळी. आता एकच माणूस निवडायचा, तर घरातला सगळ्यात ठणठणीत निवडावा. मी स्वतःला निवडलं.

रिपोर्ट आला. हृदय बरं. केस जाण्याची शक्यता, ते गेलेलेच होते. आणि मनाच्या पानावर? नैराश्याकडे आनुवंशिक कल, सरासरीपेक्षा जास्त. चिंतेकडे कल, तोही जास्त. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे निदान नव्हे, माणसाची परिस्थिती आणि राहणी यांचाही मोठा वाटा असतो, शंका असल्यास डॉक्टरांना भेटा. पण बारीक अक्षर वाचतं कोण? माझ्या मातीच्या कागदाखालीही असतं, एका शेतकऱ्यानं वाचलेलं नाही.

मी आठ दिवस स्वतःची लक्षणं शोधत फिरलो. आमटी अळणी लागली, म्हटलं चव गेली. बायको म्हणाली, "मीठ घालायचं राहिलंय, गप जेवा." तिनं दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. ते मात्र लक्षण नव्हतं, ते लग्न झाल्यापासूनचं आहे.

तेवढ्यात विलासरावांचा फोन. विलासराव म्हणजे मुलाचे वडील. "रविवारी येतो. तुमच्या घरातल्या एका माणसाबद्दल जरा मोकळं बोलायचंय."

कुणीतरी बापूंचं सांगितलं! प्राजक्ताचं हसणं थांबलं. म्हणाली, "पप्पा, बापूआजोबांवरून मोडत असेल ना, तर मोडू द्या." आणि आत जाऊन रडली. एवढं होऊनही मी रविवारी सकाळी काय केलं असेल? बापूंना पुन्हा वढूला पाठवलं!

"जातो की," बापू म्हणाले. "तिथला चहावाला आता बिनसाखरेचा न सांगता देतोय."

विलासराव आणि त्यांच्या मंडळी येऊन बसले. चहा झाला. विलासराव खाकरले. "आता कसं इचारावं..."

त्यांना पुढं बोलूच दिलं नाही मी! सगळं भडाभडा ओकलो. ते चार महिने, गोठा, पुण्याचे डॉक्टर, रोजची गोळी. "पण आता बापू ठणठणीत आहेत हो! आणि दोष एकट्या त्यांचा नाही. हे बघा!" असं म्हणून मी माझा रिपोर्ट टेबलावर आपटला. "माझ्यात पण आहे. छापील आहे!"

विलासरावांनी चष्मा लावला. पूर्ण वाचला, बारीक अक्षरासकट. मग सावकाश म्हणाले, "अवं, बापूंचं आमाला पयल्या दिवसापास्नं म्हायती हाय."

"कसं काय?"

"मुलगी बघाया आलो तवा फाट्यावर तुमचं घर इचारलं. तिथं बापूच उभं हुतं. म्हणले, मी मुलीचा चुलत आजा. मनाच्या दुखण्याची गोळी घेतो, म्हणून पाव्हणं आलं की मला दर्शनाला धाडत्यात. पोरगी गुणाची हाय. पुतण्या तेवढा घाबरट हाय, सांभाळून घ्या. एवढं खरं बोलणारं माणूस हाय म्हणून तर आमी सोयरीक धरली."

मी विचारलं, "मग आज... कुणाबद्दल बोलायचं होतं?"

विलासराव पंख्याकडे बघायला लागले. शेवटी त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "आमच्या वन्सं राहूला दिल्यात. त्या म्हणल्या, मुलीचा बाप नळी घिऊन गावोगाव थुंकी गोळा करत हिंडतोय. म्हणलं इचारून घ्यावं, काय औषधपाणी चालू हाय का."

विलासरावांनी रिपोर्टची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "बरं झालं तुमी सोताच कागद दावला. झाकलं न्हाई."

स्वयंपाकघरातून प्राजक्ताचं हसू ऐकू आलं. त्या फोननंतर पहिल्यांदाच.

संध्याकाळी बापूंसमोर जाऊन उभा राहिलो. "बापू, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," बापू म्हणाले आणि वैरण टाकायला गेले.

बोलणी पुढच्या रविवारी ठरली. विलासरावांचा निरोप आला होता, बोलणी बापूंशीच करू. तारीख, मानपान, जेवणावळ, सगळं बापूंनी एका बैठकीत उरकलं म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी नव्हतो. त्या सकाळी बापूंनी मोटारसायकलची चावी माझ्या हातात ठेवली होती. "जा दत्ता, दर्शन करून ये."

वढूला चहाच्या टपरीवर बसलो. चहावाल्यानं मला नीट न्याहाळलं, ग्लास पुढं ठेवला आणि म्हणाला, "बापूंचं पुतणं नव्हं तुमी? घरी पाव्हणं आल्यात वाटतं."