पंपाच्या कारखान्यातले उन्हाळी इंटर्न

इंटर्न गेला की त्याचं ओळखपत्र परत जमा होतं, हेल्मेट परत येतं, सेफ्टी शूजसुद्धा परत येतात. (कसल्या अवस्थेत, ते विचारू नका!) तो मागं ठेवून जातो ते फक्त किस्से. आणि ते ठेवायला आमच्या स्टोअरमध्ये रॅक नाही, त्यामुळं ते सगळे माझ्याकडं!

मी वाळूजला एका पंपाच्या कारखान्यात क्वालिटी बघते. दर उन्हाळ्यात परीक्षा संपल्या की इंजिनिअरिंगची, एम.एस्सी.ची पोरं-पोरी आमच्याकडं इंटर्नशिपला येतात, आणि त्यांना सांभाळायचं काम माझ्या गळ्यात. का? तर एकदा मीटिंगमध्ये मी सहज बोलून गेले, "पोरं आली की कारखान्यात जरा बरं वाटतं." झालं!

आता कॅन्टीनमध्ये डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते त्या पोराचं सांगा ना."

सांगते. पण आधी दोन माणसं ओळखून घ्या. एक आमचे प्लांट हेड जाधव साहेब. भरघोस मिशा, करडा आवाज, हसणं जवळपास नाहीच. दुसरे असेंब्लीचे सुपरवायझर सलीमभाई. निम्मं मराठी, निम्मं दखनी, आणि दोन्ही एकाच वाक्यात!

*

इंटर्नशिपच्या मुलाखतींना सगळ्यांचे बायोडाटा सारखेच. सगळे 'टीम प्लेअर', सगळे 'हार्ड वर्किंग', सगळ्यांना वाचनाची आवड. त्यात सिडकोतल्या ओंकारनं आवडता विषय लिहिला होता 'फ्लुइड मेकॅनिक्स'. पंपाच्या कारखान्यात हे वाचून साहेब खूश!

"का आवडतो हा विषय?"

"सर, घरातूनच आवड लागली. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की वरच्या टाकीत चढवायचं काम माझं. आमच्या टाकीत, मग शेजारच्या काकूंच्या टाकीत."

"अरे वा! मग सांगा, फ्लुइड मेकॅनिक्समधली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती?"

साहेबांना एखादं समीकरण अपेक्षित होतं. ओंकारनं छताकडं बघून नीट विचार केला आणि म्हणाला,

"सर, फ्लुइड येणं!"

आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. साहेबांच्या घरीसुद्धा त्या आठवड्यात टँकर आला होता. ते माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, "घ्या याला."

*

वैभव पैठणचा, इलेक्ट्रिकलचा. त्याची मुलाखत ऑनलाइन झाली. गडी इस्त्रीचा शर्ट, टाय, भांग पाडून, अगदी नवरदेवासारखा बसलेला. साहेबांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

वैभवनं पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्यावर गाडी अडकली ती अडकलीच. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला,

"अहो साहेब, घ्या की त्याला! घरी बसून नुसता फ्रिज उघडतोय अन् बंद करतोय!"

वैभवची घाबरगुंडी उडाली. आवाज बंद करायला गेला आणि बंद झाला कॅमेरा. काळ्या स्क्रीनमधून आईचा आवाज येतच राहिला. "खाण्यापिण्याचं नाटक नाय त्याचं, काय बी खातो. फक्त सकाळी उठवावं लागतं बगा."

साहेब, आमचे साहेब, आवाज मऊ करून म्हणाले, "काळजी करू नका ताई. इथं जवळच चांगली मेस आहे."

"मग ठरलं म्हणायचं का?"

"ठरलं."

तिकडून फोन बंद झाला. वैभवला काही विचारायचं राहूनच गेलं!

*

हाच वैभव पहिल्या दिवशी रुजू झाला तो मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे पत्र्याखाली पापड भाजून निघावेत असा. सलीमभाईंनी सगळ्या नव्या पोरांना समोर उभं करून सेफ्टीचं लेक्चर दिलं.

"देखो बेटा, पूछे बगैर कोणत्याच बटणाला हात लावायचा नाय. कोणत्याच म्हणजे कोणत्याच!"

मग बाकीची पोरं आपापल्या विभागात गेली आणि वैभवला त्यांनी ट्रेनिंग रूममध्ये बसवलं. "मॅडम आते, बैठ." मॅडम म्हणजे मी. आणि मी नेमकी एका तक्रारीच्या भानगडीत अडकलेली.

जेवणानंतर आठवण झाली तशी पळत गेले. दार उघडलं तर आत अंधारगुडुप. दिवा बंद, पंखा बंद, नुसती भट्टी! आणि त्या भट्टीत वैभव हेल्मेट-गॉगल घालून ताठ बसलेला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला.

"अरे, पंखा तरी लावायचास!"

"मॅडम, बटण दाबू का, हे विचारायला इथं कुणी नव्हतंच."

मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग सलीमभाईंना बोलावलं. वाटलं, यांना चांगलं सुनवावं. सलीमभाईंनी सगळं ऐकलं, वैभवच्या पाठीवर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाले,

"मॅडम, इसकू सँभालके रखो. इत्ते सालां में पहिली बार कोई मेरा लेक्चर सुना!"

*

वैभवचा अजून एक आहे, तो सांगूनच टाकते.

कॉलेजचे सर इंटर्न लोकांची चौकशी करायला आले. टेस्टिंगच्या टाकीजवळ त्यांना बॉयलर सूट, हेल्मेट, गॉगल, मास्क घातलेला एक माणूस दिसला. तेलानं हात काळे. सरांनी त्यालाच विचारलं,

"ओ दादा, ते वैभव नावाचं पोरगं कुठं असतं?"

मास्कच्या आत वैभवच! म्हणाला, "काय काम होतं?"

"काम काही नाही हो, येतं का नाही ते बघायचंय. वर्गात शेवटच्या बाकावर लई झोपायचं. इथं काय दिवे लावतंय?"

मी पलीकडंच उभी होते. ओठ दाबून धरले. वैभवनं विषय बदलला. "सर, आलाच आहात तर पंपाचं टेस्टिंग बघा." आणि त्यानं सुरू केलं. पाणी कुठून येतं, दाब कसा मोजतात, मोटर जास्त करंट कधी ओढते, कशामुळं ओढते. सगळं साध्या मराठीत, कुठंही न अडकता. सर मान डोलवत ऐकत राहिले.

"वा दादा, काय सुंदर समजावता हो तुम्ही! एकदा आमच्या कॉलेजात येऊन पोरांसमोर बोला की!"

वैभवनं मास्क खाली केला.

"येतो ना सर. पुढच्या सेमिस्टरला आहेच मी. शेवटच्या बाकावर."

*

प्रज्ञा एम.एस्सी. केमिस्ट्रीची, गाव अजिंठ्याजवळ. तिला घेताना एचआरनं नाक मुरडलं होतं, "पंपात केमिस्ट्रीचं काय काम?"

पण माझं काम अडलं होतं. आमच्या काही पंपांचा निळा रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. सगळ्यांचा नाही, काहींचाच! मोठी ऑर्डर अडकून पडलेली. आम्ही म्हणायचो रंग खराब, रंगवाले म्हणायचे तुमची फवारणी खराब. फोनवर नुसती हमरीतुमरी.

प्रज्ञा कमी बोलायची. दिवसभर पेंट बूथजवळ बसून पंप कापसानं पुसायची, तो कापूस लॅबमध्ये न्यायची, परत यायची. सलीमभाई वैतागले, "मॅडम, ये लडकी रोज मेरे पंपां का मेकअप उतारती क्या?"

शेवटी मीटिंग ठरली. पुण्याहून आमचे डायरेक्टर आले, रंगाच्या कंपनीचे लोक आले. दाराशी प्रज्ञानं माझा हात धरला.

"मॅडम, कारण सांगितलं तर सगळे हसतील."

"खरं आहे का?"

"पुन्हा पुन्हा तपासलंय."

"मग सांग. हसले तर हसले."

ती पुढं गेली. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, 'मूळ कारण: बटाटेवडा.'

कुणी हसलं नाही. हसावं का रडावं तेच कळेना! प्रज्ञा मात्र शांतपणे सांगत गेली. रंग द्यायच्या आधी पंप ज्या फडक्यांनी पुसतात, ती धुऊन कॅन्टीनच्या मागच्या दोरीवर वाळत घालतात. कॅन्टीनचा एक्झॉस्ट फॅन नेमका त्या दोरीवर. ज्या दिवशी वडे तळतात, त्या दिवशी तेलाची वाफ फडक्यांवर, दुसऱ्या दिवशी फडक्यांवरून पंपावर, आणि तेलावर रंग धरतोय कशाला? वडे मंगळवारी आणि शुक्रवारी. रंग सुटलेले सगळे पंप बुधवारचे आणि शनिवारचे!

डायरेक्टर गंभीरपणे साहेबांकडं वळले, "मग वडा बंद करायचा का?"

दारात उभे राहून ऐकणाऱ्या सलीमभाईंचा जीवच गेला.

"साब, पेंट बंद करो! वडा नक्को बंद करो!"

बंद काहीच झालं नाही, फक्त दोरी हलवली. ऑर्डर वेळेत गेली. आणि जाताना रंगाच्या कंपनीतल्या मॅडमनी आपलं कार्ड प्रज्ञाच्या हातात ठेवलं, "शिक्षण झालं की पहिला फोन मला करायचा." आज ती त्यांच्याच लॅबमध्ये आहे. अधूनमधून कामासाठी आमच्याकडं चक्कर मारते. वार मात्र तीच ठरवते. मंगळवार!

*

आता हा मागच्या उन्हाळ्यातला. स्नेहल, मेकॅनिकलची, वेरूळजवळच्या खेड्यातली. पोरगी हुशार, पण बुजरी. प्रश्न विचारला की उत्तर माहीत असूनही आधी पायाकडं बघणार.

एके सकाळी गेटवरून सिक्युरिटीचा फोन. "मॅडम, एक बाबा आलेत, छोट्या टेम्पोत पंप घेऊन. म्हणतात, पोरीकडं द्यायचाय."

स्नेहलचा चेहराच उतरला. "मॅडम, आमचे आबा असतील."

गेटवर गेलो. पांढरी टोपी, खांद्यावर गमछा, आणि टेम्पोत पोत्यात गुंडाळलेला पंप. आबा मला हात जोडून म्हणाले, "नवी अद्रक लावलीय ताई. कालपासून मोटर बंद. गावातला मेकॅनिक गेलाय लग्नाला. म्हणलं, आपली पोरगीच पंपाच्या कारखान्यात असताना दुसऱ्याचे पाय कशाला धरायचे?"

स्नेहल कुजबुजली, "आबा, मी इथं शिकायला आलेय!"

"मंग? शिकली नाय का?"

तेवढ्यात जाधव साहेबांची गाडी आत शिरली. साहेब उतरले, पोतं बाजूला केलं. आमचे पंप निळे. हा पिवळाधमक! म्हणजे ज्या कंपनीचं नाव आमच्या मीटिंगमध्ये काढायचीसुद्धा चोरी, तिचा!

"बाबा," साहेब म्हणाले, "हा आपला पंप नाही."

"मंग काय झालं साहेब?" आबा म्हणाले, "पोरगी तर आपली हाय!"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. स्नेहल तर जमिनीत शिरायच्या बेतात.

"सलीमभाई," साहेब कडाडले, "पंप बेंचवर घ्या! आणि कुणी हात लावायचा नाही. ती उघडेल."

बातमी असेंब्लीभर पसरली. आबांना टोपीवरच हेल्मेट चढवून जमिनीवरच्या सेफ्टीच्या पट्टीच्या अलीकडं उभं केलं. स्नेहलनं पाना उचलला. पहिला बोल्ट सुटता सुटेना. पुढं व्हायला सलीमभाईंचे हात शिवशिवत होते, पण साहेबांनी नुसतं बघितलं आणि ते थांबले. दुसऱ्या हिसक्याला बोल्ट सुटला. मग मात्र पोरीनं मागं वळून पाहिलं नाही. आतल्या पंख्यात एक गोटा अडकला होता आणि सील फाटलं होतं. तिनं गोटा काढला, पंखा फिरवून बघितला, स्टोअरमधून बसणारं सील स्वतः शोधून आणलं, सगळं परत जोडलं.

"चालू करू, सर?" हे विचारताना तिनं पहिल्यांदा पायाकडं बघितलं नाही.

साहेबांनी मान हलवली. मोटर घुमली, पाइप थरारला आणि पाण्याचा असा लोट टाकीत आदळला की पहिल्या रांगेतले सगळे भिजले! टाळ्या काय, शिट्ट्या काय! सलीमभाई ओरडले, "शाब्बास बेटी! दुश्मन का पंप भी दौडा दी!"

आबांचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. ते पोरीकडं बघत होते. मग गमछ्यानं डोळे पुसत मला म्हणाले, "घाम लई येतो इथं."

पंप परत टेम्पोत चढला. साहेब एवढे खुशीत की स्वतः गेटपर्यंत आले. मागं आमचे नवेकोरे निळे पंप रांगेत उभे होते, तिकडं हात करून म्हणाले,

"काय आबा, मग पुढचा पंप कोणत्या कंपनीचा घेणार?"

आबा पोत्याची दोरी आवळत होते. त्यांनी गाठ पक्की मारली, टोपी सारखी केली आणि म्हणाले,

"त्यात काय इचारायचं साहेब? जी कंपनी पोरीला नोकरी देईल, तिचा!"